आतून झिजणारे टायर

त्या जीपचा मला इतका राग यायचा, की रस्त्यावरून तशाच हिरव्या रंगाची दुसरी जीप गेली तरी मी तोंड फिरवायचो. जून ते सप्टेंबर या चार महिन्यांत ती तीनदा माझ्या हातून दुरुस्त होऊन गेली आणि तीनदा परत आली. तक्रार एकच. सरळ रस्त्यावर सरळ चालत नाही. वास काढत निघालेल्या कुत्र्यासारखी कधी या कडेला जाते, कधी त्या कडेला. आणि नेमकं तिच्या सरळ चालण्यावर माझं सगळं अडलं होतं.

काय अडलं होतं ते आधी सांगतो. फौजेत नऊ वर्षं गाड्या चालवून मी घरी आलो तेव्हा तिशीला टेकलो होतो. औंधच्या पलीकडे आमची कोरडवाहू जमीन, ती थोरल्या भावाच्या घराला पुरली तरी खूप. औंधला एसटी वळते त्या जागेजवळ माझ्या मेव्हण्याची एक पत्र्याची शेड मोकळी पडली होती. तिथे गाड्यांच्या पुढच्या कामाचं दुकान टाकायचं असं मी आणि बायकोने ठरवलं. पुढचं काम म्हणजे स्टेअरिंग, स्प्रिंगचे पाटे, पुढचा अ‍ॅक्सल, चाकांची तोंडं. इंजिनवाले मिस्त्री तेव्हाही गावोगाव होते. पण गाडी ओढते, भरकटते, थरथरते म्हटलं, की आमच्याकडचे निम्मे ड्रायव्हर एकाच माणसाचं नाव घ्यायचे. तो कुपवाडच्या माळावर, नव्याने उभ्या राहत असलेल्या कारखान्यांच्या कडेला, एका शेडमध्ये काम करायचा. मी त्याच्याकडे शिकायला राहिलो. मेव्हण्याने बजावलं होतं, दसऱ्यापर्यंत शेड राखतो, त्यानंतर पिठाच्या गिरणीवाल्याला देऊन टाकतो.

मिस्त्रींची अट पहिल्याच दिवशी ठरली. साठीचा, बुटका, पान खाऊन ओठ रंगलेला माणूस. त्यांनी माझ्याकडे न बघताच सांगितलं, "हे बघ फौजी, सहा म्हैनं माझ्या हाताखाली ऱ्हा. मग एक गाडी तू एकट्यानं कर. मी हात लावनार न्हाई, बोलनार न्हाई. मालकानं हितं यिऊन आपल्या तोंडानं 'बरी चालती' म्हनलं की तू मोकळा. खुशाल माझं नाव सांगून धंदा कर."

त्यांचं नाव सांगता आलं नसतं तर औंधच्या शेडपुढे कोणी सायकलसुद्धा लावली नसती. स्टेअरिंगचं काम लोक कोणाच्याही हातात देत नाहीत. इंजिन बिघडलं तर गाडी बंद पडते, स्टेअरिंग बिघडलं तर ती दुसऱ्याच्या अंगावर जाते.

मिस्त्रींच्या शिकवण्याबद्दल काय सांगावं? फौजेत नटबोल्ट पिळायचासुद्धा धडा असायचा. भिंतीवर तक्ता, हातात छडी, आधी पुर्ज्याचं नाव, मग काम, मग बिघाड, मग बिघाडाची कारणं. एक उस्ताद बोलायचा आणि तीस जण घोकायचे. इथे मी विचारलं, "मिस्त्री, हे असं का?" तर उत्तर यायचं, "बघ." विचारलं, "काय बघू?" तर उत्तर, "तेच तर." चाक वर उचलायचे, वरून आणि खालून धरून हलवायचे, डोळे मिटून. मग म्हणायचे, "किंगपिन." मी हलवायचो तर मला चाक हलतंय एवढंच कळायचं. बेअरिंग सैल आहे की किंगपिन, म्हणजे चाक जिच्यावर वळतं ती उभी खीळ, झिजलीय, दोन्ही मला एकसारखंच लागायचं. मी पंधरा-पंधरा मिनिटं चाकाला लोंबकळत बसायचो आणि ते समोर पान लावत बसायचे. कधी कधी वाटायचं, पान्हा त्यांच्या पानाच्या डब्यावर घालावा.

कारण सांगायचे नाहीत, पण नियम मात्र ढीगभर. गाडी शेडमध्ये घेताना तिचं तोंड समोरच्या भिंतीकडे, तिथे फळीवर देव होते. अमावास्येला पुढचं काम उघडायचं नाही. काम झाल्यावर चाकाखाली लिंबू. चालू कामात गाडी मागे ढकलायची नाही, पुढेच ढकलायची. पाटा उघडताना शिंकायचं नाही. सगळे नियम एकाच सुरात, एकाच चेहऱ्याने. मी वर्दीत नऊ वर्षं काढलेला, स्वतःला फार शहाणा समजणारा. हो म्हणायचो आणि मनात सगळं एकाच पोत्यात भरून तोंड शिवून ठेवायचो.

एक काम मात्र मला पहिल्यापासून आवडलं, ते म्हणजे चाकांच्या तोंडाचं माप. गाडीची पुढची दोन चाकं एकमेकांना अगदी समांतर ठेवत नाहीत. पुढच्या बाजूला ती किंचित आत वळलेली असावी लागतात, म्हणजे गाडी धावताना सरळ राहते. किती आत? जीपला एक सूत, म्हणजे इंचाचा आठवा भाग. हे मोजायला मिस्त्री मापाचं यंत्र वापरत नसत. सांगलीच्या हळदीच्या वखारीतून झाडून काढलेली मातेरी हळद ते डबाभर आणून ठेवायचे. चाक उचलून फिरवायचं, टायरच्या मधोमध ओल्या हळदीचा पट्टा ओढायचा आणि खिळ्याने त्यात बारीक रेघ मारायची. दोन्ही चाकांच्या दोन रेघा. मग गाडी खाली सोडून पुढच्या बाजूने दोन रेघांतलं अंतर मोजायचं. चाक अर्धा फेरा फिरेल इतकी गाडी ढकलायची, त्याच खुणा मागच्या बाजूला येतात, तिथे परत मोजायचं. पुढचं माप एक सूत कमी भरलं की काम झालं. नाही भरलं तर दोन चाकांना जोडणारी दांडी, टायरॉड, पिळून कमी-जास्त करायची. हे मला कळत होतं. यात डोळे मिटून चाक हलवायची भानगड नव्हती, आकडा होता. फौजी माणसाला आकडा बरा वाटतो.

सहा महिने झाले आणि माझ्या वाट्याला ती जीप आली.

तिचा मालक जतकडचा. घराणं मेंढपाळांचं, पण बहात्तरच्या दुष्काळात निम्मी मेंढरं गेली आणि उरलेली विकून त्याने मिलिटरीच्या लिलावातली जुनी जीप घेतली. कवठ्यापासून जतपर्यंत माणसं भरून न्यायची, आठवड्याच्या बाजाराला कोंबड्या, करडं आणि पोतीही. चाळिशीचा, काटक, डोक्याला मोठं मुंडासं. जीपच्या दारात उभा राहून तो मला म्हणाला, "मेस्त्री, लय भरकटती. हात काढून कपाळावरचा घाम बी पुसाय येत न्हाई."

मी तिच्याखाली गेलो आणि खरं सांगतो, खूश झालो. टायरॉडचे दोन्ही एंड, म्हणजे टोकांचे सांधे, खुळखुळ्यासारखे वाजत होते. एवढा सोपा बिघाड! एंड बदलले, पाट्याचे बुश बदलले, किंगपिनला हात घातला. बाहेर पावसाने अंगणाचा चिखल करून टाकला होता. मिस्त्री पुढच्या कामाच्या गाड्या तशाच उभ्या ठेवून उघडीप पडायची वाट बघत बसले होते, अंगण वाळल्याशिवाय माप घ्यायचे नाहीत. मला तो म्हातारपणाचा आळस वाटायचा. आत शेडमध्ये कोरडी कोबा केलेली जमीन असताना चिखल वाळायची वाट कसली बघायची? मी हळदीचा पट्टा शेडमध्येच ओढला. जीपचं तोंड देवाकडे, नाक भिंतीला लागलेलं. पुढे ढकलायला वीतभर जागा नव्हती. जमिनीला पाणी जायला दाराकडे थोडा उतार होता, त्यामुळे हँडब्रेक सोडला की जीप आपल्या आपण अडीच हात मागे येऊन थांबायची. मी एकटा माणूस, मला तेच सोयीचं. माप घेतलं, टायरॉड पिळला, परत माप घेतलं. बरोबर एक सूत. मिस्त्री दारात उभे राहून बघत होते. ओठ हलल्यासारखे झाले, मग त्यांनी पिंक टाकली आणि आत गेले. बोलणार नाही म्हटलं होतं ना.

तीन आठवड्यांनी जीप परत आली.

"तशीच हाय, मेस्त्री."

मी तिला माळावरच्या रस्त्यावरून फिरवून आणली. खड्डे आणि चिखल, त्यात काय कळणार. मग मिरजेच्या रस्त्याला घातली. तिथे कळलं, भरकटतेय. मी स्टेअरिंग बॉक्स आवळला, शॉकअब्सॉर्बर बदलले, बेअरिंग आवळले. परत माप घेतलं, परत शेडमध्येच. एक सूत. जीप गेली. जुलै संपता संपता परत आली.

या दुसऱ्या खेपेला मालकाने मला हाताला धरून पुढच्या चाकापाशी बसवलं. टायरवर तळहात फिरवून म्हणाला, "हे बघा. आतल्या अंगानं झिजलाय. भाईरनं नवा हाय, आतनं चापट. दोनी बाजूचं तसंच."

"जुनं टायर आहे, झिजणारच."

"न्हाई न्हाई. आवं, मेंढराचा खूर आतनं झिजला म्हंजी ते पाय भाईर टाकून चालतंय. भाईरनं झिजला म्हंजी आत टाकतंय. तुमची गाडी फाकून चालती."

मला आज हे लिहिताना कान गरम होतात. त्या माणसाने मला रोग जसाच्या तसा सांगितला होता. पाय बाहेर टाकून चालते म्हणजे चाकांची तोंडं आत नाहीत, बाहेर आहेत. पण माझ्याकडे हळदीची रेघ होती आणि त्या रेघेने सांगितलं होतं, एक सूत आत. मी त्याला म्हणालो, "पाव्हणं, हे मेंढरू नाही. ही गाडी आहे. तिला माप असतं." मिस्त्री आतल्या बाजूला खोकले. मी पुन्हा माप घेऊन दाखवलं, त्याच्या डोळ्यांदेखत, टेप त्याच्या हातात देऊन. एक सूत. तो म्हणाला, "तुमी म्हनता तर आसंल." आणि जीप घेऊन गेला.

त्यानंतर आठवड्याभरात नागपंचमीला मी घरी गेलो होतो. बायकोने औंधची शेड झाडून घेतली होती. मेव्हण्याकडून चावी घेऊन, एकटी जाऊन, कोपऱ्यातली जळमटं काढून, भिंतीला चुना लावून. मला ती दाखवायला घेऊन गेली आणि म्हणाली, "मिस्त्री कवा सोडत्यात?" मी म्हणालो, होईल आता. ती म्हणाली, "एक गाडी तर नीट करायची हाय. एवढा येळ लागतूय?" टोमणा नव्हता, तिने सहज विचारलं. पण मी तिच्यावर खेकसलो, की तुला काय कळतं त्यातलं. ती चुन्याची बादली उचलून बाहेर गेली. यमाई देवीच्या डोंगराकडे बघत मी एकटा शेडमध्ये उभा राहिलो. एक जीप मला सरळ करता येत नव्हती आणि राग मात्र जगावर निघत होता.

सप्टेंबरच्या मधल्या दिवसांत जीप तिसऱ्यांदा आली. यावेळी मालक दारात उभा राहून बोलला नाही. खाली उतरून बाकड्यावर बसला. आदल्या दिवशी समोरून ट्रक आला. तेव्हा तिकडे एकच गाडी मावेल एवढं डांबर, त्यामुळे दोघांनीही डावी चाकं खाली मातीत उतरवायची रीत. याने उतरवली आणि जीप मातीतून परत वर येईना, भरकटत थेट चारीत गेली. मागे बसलेली एक म्हातारी खाली पडली. कोपर सोलला, बाकी काही नाही. "पर ती माझ्या गाडीत परत बसली न्हाई," तो म्हणाला. "चालत गेली. चार मैल. मी गाडी घिऊन तिच्या मागनं."

मिस्त्रींनी फक्त माझ्याकडे बघितलं. एवढं वाईट मला फौजेतल्या कुठल्याही शिक्षेत वाटलं नव्हतं. दसऱ्याला तीन आठवडे राहिले होते आणि त्या क्षणी दसरा, शेड, चुना सगळं डोक्यातून गेलं. मला ती म्हातारी दिसत होती, पुढे चालणारी, आणि मागून रांगत येणारी मी दुरुस्त केलेली जीप.

मी हातातलं सगळं टाकून जीपखाली आडवा झालो. कुठे बघायचं तेच कळत नव्हतं. सगळं नवं होतं. सगळं मी दोन-दोनदा आवळलेलं. रागाने मी तसाच पडून राहिलो. मालकाला वाटलं, मला काहीतरी हलवून बघायचंय. त्याने आपण होऊन हँडब्रेक सोडला आणि जीप जरा मागे घेतली. माझ्या नाकासमोर किंगपिनच्या जागी बारीकसा टक् असा आवाज आला.

"थांबा," मी ओरडलो. "आता पुढं ढकला."

त्याने खांदा लावून पुढे ढकलली. परत टक्. पण यावेळी चाक उलट्या बाजूला हललं.

"परत मागं."

टक्. चाकाचं तोंड आत.

"पुढं."

टक्. चाकाचं तोंड बाहेर.

नऊ-दहा वेळा मी त्या माणसाला जीप मागेपुढे ढकलायला लावली. तो घामाघूम झाला, एकदाही का म्हणाला नाही. जुन्या गाडीत, एंड कितीही नवे घाला, किंगपिनला, बेअरिंगला, सगळीकडे केसभर मोकळीक राहतेच. गाडी मागे गेली की ती मोकळीक चाकांना आत ओढते. पुढे गेली की बाहेर ढकलते. मी तीन वेळा माप घेतलं आणि तिन्ही वेळा जीप मागे नेऊन. त्यामुळे हळदीच्या रेघा सांगत होत्या एक सूत आत, आणि रस्त्यावर पुढे धावताना तीच चाकं तोंडं बाहेर काढून, पाय फाकून चालत होती. रस्त्यावर गाडी काही मागे चालत नाही. एवढं साधं! आणि मला फक्त एवढंच करायचं होतं, की आधी जीप दाराकडे मागे घ्यायची, मग मोजायची, आणि पुढे ढकलून परत मोजायची.

मी खालून बाहेर आलो ते सरळ मिस्त्रींपुढे जाऊन उभा राहिलो. तळपायाची आग मस्तकाला गेली होती.

"तुम्हाला माहीत होतं. गाडी मागे ढकलायची नाही. पावसात तुम्ही माप घेत नव्हता, ते याच्यासाठी. अंगणात पुढं ढकलायला जागा असते म्हणून. मग सांगितलं का नाही?"

"सांगितलं हुतं की. मागं ढकलायची न्हाई."

"का ते सांगितलं नाही! लिंबाबरोबर सांगितलं, अमावास्येबरोबर सांगितलं. मला वाटलं तेही त्यातलंच. कारण सांगितलं असतं तर मी कशाला मागे ढकलली असती?"

मिस्त्री पान चघळायचे थांबले. मग म्हणाले, "कारन मला तरी कुठं ठावं हाय रं? माझ्या उस्तादानं सांगितलं, मागं ढकलायची न्हाई. मी न्हाई ढकलली. चाळीस वर्सं." मग उठले, जीपपाशी आले, धोतर सावरून खाली वाकले आणि मला म्हणाले, "दाव बरं, कुठं वाजतंय?"

माझा राग कुठे टेकवायचा तेच मला कळेना. मी त्यांना दाखवलं. ते खाली आडवे झाले, मालकाने परत ढकललं, आणि ते लहान मुलासारखे हसले. "आयला, खरंच की!" मी नाही हसलो. चाळीस वर्षं एक माणूस बरोबर काम करत होता, का ते त्याला माहीत नव्हतं. आणि एक शहाणा चार महिने चुकीचं काम करत होता, आकडा बरोबर आणून. दोघांच्या मधे म्हातारीचा कोपर सोलला होता.

किंगपिनचे बुश मी नव्याने बसवले. ऊन पडलेलं होतं, जीप अंगणात काढली. पुढे ढकलून मोजलं, तर चाकांची तोंडं जवळजवळ दोन सूत बाहेर. टायरॉड पिळला, परत पुढे ढकलून मोजलं, एक सूत आत आणलं. मिरजेच्या रस्त्यावर नेली आणि स्टेअरिंगवरचे दोन्ही हात काढून मांडीवर ठेवले. जीप सरळ गेली. एवढी सरळ, की मला रडू आलं, आणि मी ते रस्त्यावर कोणी नाही असं बघून आवरलं नाही.

जीप मालकाच्या हातात दिली. आता फक्त 'बरी चालती' हे दोन शब्द हवे होते. आठ दिवसांनी तो आला आणि म्हणाला, "मेस्त्री, टायर आता झिजंना. पर हालती तशीच."

मिस्त्रींनी स्वतः फेरी मारून आणली आणि म्हणाले, "गाडी सरळ हाय." मालक म्हणाला, "माझ्या हातात न्हाई." अट अट होती. दसऱ्याला बारा दिवस होते. मी त्याला म्हणालो, चला, मी तुमच्याबरोबर येतो, कुठे हलते ते मला दाखवा.

त्याच्या शेजारच्या सीटवर बसलो आणि कवठ्याच्या पुढे गेल्यावर मला दिसलं. गाडी हलत नव्हती. त्याचे हात हलत होते. डावीकडे थोडं, उजवीकडे थोडं, परत डावीकडे, एक क्षण थांबत नव्हते. आधीची जीप ज्या बाजूला पळायची तिच्या उलट बाजूला तो तिला सारखा ओढत होता. आता जीप त्याच्या हाताचं ऐकत होती, तो ओढेल तिकडे जात होती, म्हणून परत त्याला उलटं ओढावं लागत होतं.

"हात जरा थांबवा," मी म्हणालो.

त्याने थांबवले. चार टेलिफोनच्या खांबांएवढं अंतर जीप सरळ गेली. मग हात आपोआप सुरू झाले.

"थांबवा म्हटलं ना!"

"थांबत न्हाईत. मी काय करू? चार म्हैनं ह्येच केलंय. आता तुमी थांब म्हनल्यावर ती थांबत्यात व्हय?"

त्याच्या हातांना ते मीच शिकवलं होतं. चांगलं शिकवलं होतं, मिस्त्रींनी मला शिकवलं त्याहून पक्कं.

मी त्याच्या वस्तीवर राहिलो. रोज सकाळी त्याच्याबरोबर जीपमध्ये बसायचो, जत, कवठे, परत जत. पहिले तीन दिवस मी "हात, हात" म्हणत राहिलो आणि तो घाबरून आणखी हलवायचा. मागची माणसं हसायची. माझा आवाज चढायचा, त्याचा जबडा घट्ट व्हायचा, आणि जीप पहिल्यासारखी सापासारखी जायची. चौथ्या दिवशी मी दमलो आणि गप्प बसलो. वस्तीवर त्याने अजून सात-आठ मेंढ्या ठेवलेल्या होत्या. मला काही सुचेना म्हणून मी सहज त्यांच्याबद्दल विचारलं. तो बोलायला लागला. दुष्काळात कळप घेऊन कुठपर्यंत गेला होता, कुठल्या गावाने पाणी दिलं, कुठल्या गावाने कुत्री सोडली, एक लंगडी मेंढी कशी शेवटपर्यंत चालत राहिली. बोलता बोलता त्याची नजर लांब गेली आणि हात थांबले.

मी ते बघितलं आणि हातांचं नाव काढलं नाही. जीप डांबराच्या मधून तासलेल्या लाकडासारखी सरळ चालली होती. एक मैल, दोन मैल. चार महिने मी ज्या दोन शब्दांसाठी तडफडत होतो ते आता त्याच्या ओठांवर यायला हवे होते, पण मी मागायला गेलो असतो तर त्याचं लक्ष हातांकडे गेलं असतं. मी विचारत राहिलो, मग त्या मेंढीचं काय झालं? तिला काय चारलं? जत येईपर्यंत मी मेंढ्यांबद्दल जेवढं विचारता येईल तेवढं विचारलं.

पुढे दोन दिवसांनी त्याने कुपवाडला येऊन मिस्त्रींपुढे "बरी चालती" म्हटलं आणि दसऱ्याला औंधच्या शेडचं दार आम्ही उघडलं. ते सगळं झालं. पण मला त्या दिवशीचं जतचं स्टँड आठवतं. माणसं उतरली, तो उतरला, आणि जीपपाशी उभा राहून दोन्ही खांदे गोल फिरवून बघायला लागला.

"आज खांदं दुखंना झाल्यात," तो म्हणाला.

"रोज दुखायचे?"

"राती झोप लागायची न्हाई. मालकीन तेल चोळायची. जेष्ठापासनं."

"मग इतके दिवस सांगितलं का नाही मला?"

त्याला माझ्या प्रश्नाचं नवल वाटलं असावं.

"तुमी गाडीचं इचारत हुता," तो म्हणाला.